पंख्याचा खरा रंग

तुझी मावशी हंगामातली शेवटची बुडी मारायला गेली, तेव्हा तू माझ्या टेबलाखाली, नमुन्यांच्या रिकाम्या खोक्यात, मूठ तोंडात घालून झोपली होतीस. तुला काही आठवणार नाही, म्हणून सांगते.

आमच्या नमुनाघरात एक वाळलेला समुद्रपंखा होता. दिसायला झाड, पण असतो पोवळ्याच्या कुळातला. हजारो इवले जीव एका चिवट दांड्यावर एकत्र राहतात. या जातीचा जगात तेवढाच एक नमुना, जुन्या केरसुणीसारखा तपकिरी. आमच्याच खाडीच्या तोंडाशी तो कधीकाळी जाळ्यात आला होता, पुन्हा कुणाला दिसला नाही. आता जहाजांची वाट रुंद करायला तिथला पाण्याखालचा कडा सुरुंगाने उडवणार होते. बंदरवाल्यांचं म्हणणं सरळ होतं, "पंखा जिवंत दाखवा, कडा सोडतो."

पूर्वी आम्ही दोघी बहिणी बुडी मारायचो. तू झालीस आणि वाटणी झाली: होडी तिची, सूक्ष्मदर्शक माझा.

एकदा तुला पाजता पाजता मी त्या जुन्या पंख्याचा कण काचेखाली पाहत होते. समुद्रपंख्याच्या अंगात चुन्याचे बारीक काटे असतात. रंग काट्यांत असला तर मेल्यावरही टिकतो. याचे काटे मात्र काचेसारखे बिनरंगी! म्हणजे रंग मांसात होता, मांसाबरोबर गेला. आणि आम्ही सगळे, नमुनाघराच्या प्रमुख सरांपासून मावशीपर्यंत, इतकी वर्षं तपकिरी पंखा शोधत होतो. मेल्याचा रंग घेऊन जिवंताला हुडकत होतो.

"रंग विसर," मी मावशीला सांगितलं. "कपारीच्या खालच्या अंगाला बघ, गाळ साचत नाही तिथे. प्रवाहाला आडवा उभा असेल. तरच त्याच्या तोंडी घास येतो."

"प्रवाहाला आडवा? मग आपल्याच घरातला दिसतोय."

दुपारी ती केसांतून पाणी गाळत आली. "ताई, पिवळाधमक आहे गं!" हातातल्या कुपीत नखाएवढा तुकडा.

सरांनी कुपी उजेडात धरली. "पिवळा म्हणजे आपला नेहमीचाच असणार. आणि एवढंच? फांदी तरी आणायचीस."

"एकच उभा आहे सर तिथे. वर त्याच्याच रंगाची गोगलगाय भाडेकरू. घर पाडून पत्ता आणू?"

सर हसले, पण भुवया वरच राहिल्या. नेहमीच्या पिवळ्या पंख्याचे काटेही पिवळेच असतात; तसे निघाले तर कडा गेला. मी तुकड्याचा कण काचेवर घेऊन त्यावर ब्लीचचा थेंब सोडला. मांस फसफसत विरघळू लागलं, आणि नेमकी तू उठलीस. मावशीने घेतलं तर तिच्या गार हातांनी आणखीच भोकाड पसरलंस. शेवटी तुला पदराखाली घेतलं आणि एक डोळा सूक्ष्मदर्शकाला लावला.

काटे तळाशी बसत गेले. मधे बारीक, दोन्ही टोकांना गाठी. जुन्या नमुन्याचे होते तसेच. आणि रंग? स्वच्छ काच.

मी उठून सरांना खुर्ची दिली.

त्यांनी पाहिलं, जुनी काचपट्टी लावून पाहिलं, पुन्हा नवी लावली. मग चष्मा पुसत म्हणाले, "काखेत कळसा."

"अन् गावाला वळसा," मावशी म्हणाली. "तो मी घातला, सर. पोहत."

कडा वाचला. वाट दुसऱ्या बाजूने रुंद केली.

जातीच्या वर्णनातला 'तपकिरी' खोडताना सरांनी विचारलं, "पिवळा म्हणजे नक्की कसला?" आम्ही कुपीकडे वळलो. जपायला म्हणून तुकडा स्पिरिटमध्ये ठेवला होता. त्याचा रंग केव्हाच उडाला होता. फोटोत गढूळ पाण्याने सगळंच हिरवट. मावशीने खोलीभर नजर फिरवली आणि तुझ्या डोक्यावरचं टोपडं काढून सरांपुढे ठेवलं. "हा. अगदी हाच."

नमुनाघराच्या काचपेटीत जुन्या पंख्याशेजारी आणि त्या तुकड्याशेजारी एक लोकरी टोपडं का आहे, असं लोक विचारतात. सर छाती काढून सांगतात, "हा त्याचा जिवंतपणीचा रंग."

टोपडं कुणाचं, ते मी सांगते.