आइसपॅकला घाम फुटेपर्यंत

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी इन्सुलिनची पेटी घेऊन ट्रक मदतकोठाराच्या फाटकाबाहेर पडला. पेटीत साठ कुप्या होत्या. त्यांतली एक आपल्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला जाणार, हे कोठाराच्या प्रमुखबाईंशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुरानं नदीपलीकडचं गाव तुटून चार दिवस झाले होते; एक पूल तेवढा चालू होता. ताईकडचं औषध कालच संपलं असणार. तरी इन्सुलिन दोन दिवस इथेच फ्रिजमध्ये पडून होतं, कारण अर्धा रिकामा ट्रक हलवायचा नाही, हा नियम तिनेच घातला होता. त्यामुळे डिझेल वाचलं होतं, वरिष्ठांनी पाठ थोपटली होती. आता स्वतःच्या बहिणीसाठी तो मोडला तर उद्या कोणत्या तोंडाने दुसऱ्याला अडवणार? धान्याची पोती येईपर्यंत तिने मनावर दगड ठेवला.

आज सकाळी ट्रक भरला, आणि तेवढ्यात निरोप आला की पाणी चढतंय, पूल दहाला बंद होणार. औषधांच्या पेट्या बांधणारे काका आठला येत. ती थांबली नाही. पेटी तिने स्वतःच भरली.

"मॅडम, आज तुम्ही हमाली?" ड्रायव्हर म्हणाला.

"बोलू नकोस, नीघ. पूल बंद होईल."

"पूल माझा मेहुणा आहे. मी गेल्याशिवाय नाही बंद व्हायचा."

आठला काका आले. आयुष्यभर औषधं बांधलेला माणूस. आइसपॅक फ्रीझरमधून काढून टेबलावर मांडायचे, अर्धा तास थांबायचं, घाम फुटला की एकेक कानाशी धरून हलवायचा. आत पाणी खुळखुळलं तरच पेटीत ठेवायचा, ही त्यांची शिकवण. कडक बर्फ कुपीला लागला तर इन्सुलिन गोठतं. वरून कदाचित तसंच दिसतं, गुण मात्र येत नाही.

काकांनी टेबलावर हात फिरवला.

"टेबल कोरडं कसं गं?"

तिने घड्याळाकडे बघितलं.

"खुळखुळ ऐकलीस ना?"

"काका, पूल बंद होत होता."

काका स्टुलावर बसले. "दोन तासांची तर वाट. अर्धा तास हातात होता, पोरी."

तिने ड्रायव्हरला फोन लावला. लागला नाही. तिने मुख्य कार्यालयात फोन करून आपली चूक सांगितली. नवीन साठा यायला चार दिवस, असं उत्तर आलं. गावातल्या नर्सचाही फोन लागेना, म्हणून तिने तिला मोबाइलवर निरोप टाकला: 'पेटीतलं कार्ड बघा. त्यावर फुली आली असेल तर औषध गोठलंय. कुणालाही देऊ नका. आजाऱ्यांना डोंगरवाटेने दवाखान्यात हलवा.' फुली असेल तर ताईला चार मैल खांद्यावरून न्यावं लागेल. आणि निरोप पोचलाच नाही तर ताई औषध मिळालं म्हणून निर्धास्त राहील. तिला कुणी हलवणारही नाही.

दहा वाजून पाच मिनिटांनी ड्रायव्हरचा फोन आला. पूल बंद व्हायच्या आत तो अलीकडे आला होता.

"पोचवली, मॅडम. मेहुण्याने मान राखला."

"कार्ड बघितलं का कुणी?"

"कसलं कार्ड? लोक उजाडल्यापासून रांगेत होते. नर्सबाईंनी तिथंच वाटायला घेतलं. पहिल्याच बाईंचं नाक अगदी तुमच्यासारखं. माझ्यासमोर इंजेक्शन घेतलं. म्हणाल्या, धाकटीला सांगा, आता माझा घोर लावून घेऊ नकोस."

"परत जाता येईल?"

"पुलावर आडवे खांब टाकलेत. का, काय झालं?"

तिने फोन काकांच्या हातात दिला.

काका बाहेर जाऊन ड्रायव्हरशी बोलले. परत आले तेव्हा ती फ्रीझरमधले उरलेले आइसपॅक टेबलावर मांडत होती. कुठलीही पेटी आज जायची नव्हती. काकांनी तिला थांबवलं नाही. टेबल ओलं झालं, पाणी कडेवरून ठिबकू लागलं. ती एकेक पॅक कानाशी धरत होती.

दुपारी दोन वाजून वीस मिनिटांपर्यंत नर्सने निरोप वाचलेला नव्हता.