मास्तरांचं मार्जिन

टेलर मास्तरांच्या बायकोला सगळी गल्ली मास्तरीणबाई म्हणायची. मास्तर कापायचे, शिवायचे. ती हेम घालायची, हुक लावायची. सत्तावीस वर्षं हेच. पण घरातली एक वस्तू तिच्या निवडीची असेल तर शपथ! पडदे गिऱ्हाइकांच्या उरल्यासुरल्या कापडाचे, कपाट नणंदेने नको म्हणून दिलेलं, आणि भिंतींचा रंग कुठला, तर मळखाऊ.

म्हणून बाथरूम नव्याने करायचं ठरलं तेव्हा तिने एकच हट्ट धरला. बेसिन ती निवडणार.

दुकानात ते दिसलं आणि तिचे पाय थबकले. निळ्या नक्षीचं, पसरट, काठाला पाकळ्या. तिने तिथल्या तिथे विती टाकून मापही घेतलं. दोन विती आणि तीन बोटं, म्हणजे अठरा इंच.

"यात हात धुवायचे की याचीच धूळ पुसत बसायचं?" मास्तर म्हणाले. "पाकळ्यांत साबण अडकणार. पांढरं घे. सोळा इंची, सुटसुटीत."

"मी निवडायचं असं ठरलं होतं ना?"

"निवड की! या पांढऱ्यांतलं कुठलंही निवड."

पांढरं बेसिन घरी आलं, आणि मास्तरीणबाई दोन दिवस कामापुरतंच बोलली.

तिसऱ्या दिवशी फरशीवाल्याचा फोन आला. ओट्याच्या दगडात बेसिनसाठी केवढं भोक पाडू? बेसिन वरून सोडायचं, त्याचा काठ दगडावर टेकायचा. तेव्हा भोक काठापेक्षा लहान हवं, हे शेंबड्या पोरालाही कळेल. मास्तरांनी गळ्यातला टेप काढला, काठाच्या आतून नेमकं माप घेतलं. "पंधरा," ते पुटपुटले.

मास्तरीणबाई शेजारीच बटण लावत होती. मान वर न करता तिने साळसूदपणे विचारलं, "मार्जिन धरलंत का?"

मार्जिन म्हणजे मास्तरांचा जीव की प्राण. शिवणीत दोन इंच जादा कापड ठेवायचं, गिऱ्हाईक सुटलं की उसवून वाढवायचं. मार्जिन न ठेवणाऱ्याला ते शिंपीच मानत नसत. आणि आज त्यांच्याच घरात त्यांना कुणी हे विचारावं?

"मला शिकवतेस?" ते गुरकावले, आणि फोनवर ठणकावून म्हणाले, "सतरा! सतरा इंच! लिहून घ्या."

फरशीवाल्याने दोनदा विचारलं. मास्तरांनी दोनदा सांगितलं. मास्तरीणबाईने दातांनी दोरा तोडला आणि पुढचं बटण लावायला घेतलं. मन थोडं खात होतं, खोटं कशाला बोला? पण फार नाही.

दगड बसला. प्लंबरने पांढरं बेसिन भोकात ठेवलं आणि ते सरळ खाली गेलं. त्याने गुडघ्यांत झेललं म्हणून वाचलं.

"माप कुणी घेतलं हो?"

मास्तर दगडाकडे बघत राहिले. कापड असतं तर दोन टाके घालून आत घेतलं असतं. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलतात कुणाला!

"अठरा इंची काठाचं काही मिळालं तर झाकलं जाईल," प्लंबर म्हणाला.

"अगबाई, तसलं आता कुठं शोधायचं?" मास्तरीणबाई काळजीने म्हणाली.

मास्तर स्वतः दुकानात गेले आणि पांढरं देऊन निळं घेऊन आले. ते बसलं त्या संध्याकाळी तिने कारण नसताना चार वेळा हात धुतले. पाकळ्यांवरून पाणी घरंगळताना बघून तिचे डोळे भरून आले, आणि हसूही आवरेना.

रविवारी नणंद आली. बेसिन बघून दारातच उभी राहिली.

"केवढं देखणं! कुणाची निवड रे?"

"माझी, दुसऱ्या कुणाची?" मास्तरांनी छाती फुगवली. "हिला काय कळतंय यातलं! मीच म्हटलं, पांढरं नको, घरात काहीतरी बघण्यासारखं हवं."

नणंदेला टॉवेल देता देता मास्तरीणबाईचा हात थांबला. बेसिन मिळालं होतं. पण ज्यासाठी एवढा उपद्व्याप केला, तेच डोळ्यांदेखत पळवलं जात होतं. तिला भारी लागलं. तिने टॉवेलची सावकाश घडी घातली.

"निवडीचं राहू द्या हो ताई," ती मधाळ आवाजात म्हणाली. "यांनी त्या दगडाचं माप कसं घेतलं, ती गंमत तर ऐका. त्या दिवशी फोन आला—"

"हिची!" मास्तर घाईघाईने ओरडले. "निवड हिची. पहिल्या दिवसापासून हिचीच!"