काट्यावरचा ओला शर्ट

टिंग.

चमचा ग्लासाच्या काठाला लागला आणि घरभर पसरलेली शांतता तडकली. तिने चमचा जागच्या जागी धरला, कान आतल्या खोलीकडे लावले. पण व्हायचं ते झालंच. पावलांचा पट् पट् आवाज आला आणि गालावर उशीचा वळ घेऊन पाच वर्षांची लेक दारात उभी राहिली. आजच आहे ना, तिने विचारलं. आजच, असं म्हणताच ती बूट शोधायला पळाली आणि एक स्वतःचा, एक बापाचा असे दोन घेऊन आली.

हॉस्पिटलांचे कपडे धुणाऱ्या लॉण्ड्रीत ती कामाला होती. चादरी-टॉवेलांची पोती जमिनीत बसवलेल्या मोठ्या वजनकाट्यावर चढवायची आणि ओलं पोतं कोरड्यात मिसळू द्यायचं नाही, हे तिचं काम. एखादा ओला टॉवेल कोरड्या ढिगात दिसला की टाकणाऱ्याची ती अशी हजेरी घ्यायची, की सगळे तिला काटेवालीच म्हणत. लग्नाआधी ती पळायची. मग लेक झाली आणि बूट माळ्यावर गेले, ते सहा वर्षं तिथेच राहिले. यंदा कारखान्यांच्या शर्यतीत लॉण्ड्रीच्या बायकांचा संघ उतरणार म्हणताच तिने ते खाली काढले. सहा जणी तयार होत्या, जागा चार. शर्यतीत प्रत्येकीला एकाच दिवशी दोनदा पळायचं, सकाळी आठ किलोमीटर, दुपारी पुन्हा आठ. निवडही तशीच होती. दोन्ही धावांचा वेळ मिळून ज्या चौघींचा कमी, त्यांची नावं आज लागणार होती.

तीन रविवार सराव झाला होता आणि तिन्ही रविवारी तेच. सकाळी ती वाऱ्यासारखी सुटायची, दुपारी तिसऱ्या फेरीत मात्र पोटरीत गोळा, डोळ्यांपुढे काजवे. मग इस्त्रीखात्यातली ताडमाड उंच बाई, जिला सगळे शिडी म्हणत, ती "येते हं" म्हणत शेजारून निघून जायची. ते "येते हं" तिला आठवडाभर ऐकू यायचं.

तिचं चुकत कुठे होतं तेच कळेना. लॉण्ड्रीची गाडी चालवणारे ड्रायव्हरकाका तरुणपणी लांब पल्ल्याचे धावपटू होते, तेच संघाला शिकवत. त्यांनी प्रत्येकीला एका पुठ्ठ्यावर लिहून दिलं होतं. पळण्याआधी वजन, पळाल्यावर वजन. जेवढं घटलं त्याच्या दीडपट पाणी, चिमूटभर मीठ घालून, घोट घोट. अर्ध्या तासात भात, बटाटा किंवा केळं, आणि जोडीला अंडं नाहीतर दूध. तिने पुठ्ठा तंतोतंत पाळला होता. वजन तीनशे ग्रॅमने घटायचं, म्हणून दोन ग्लास पाणी. केळं मात्र कोरड्या घशाखाली उतरायला कुरकुर करायचं.

बाकी सल्ल्यांना तोटा नव्हता. नवऱ्याचं म्हणणं, पळून आल्यावर पोट रिकामंच बरं. शेजारीण म्हणायची कच्ची अंडी. सासूबाई काहीच म्हणायच्या नाहीत, फक्त चहा ठेवायच्या. काचेच्या कारखान्यात भट्टीपुढे सव्वीस वर्षं उभं राहिलेली बाई ती. नवरा लवकर गेला, मुलगा एकटीने वाढवला. पण त्या दिवसांबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता, आणि हौसेने घाम गाळणं हे प्रकरण त्यांच्या पचनी पडलेलं नव्हतं. तरी आज डबा भरून त्या नातीचा हात धरून निघाल्या. पोरीला सांभाळायला, असं दोनदा सांगून.

सातला शिट्टी झाली. लॉण्ड्रीभोवतीच्या रस्त्याच्या चार फेऱ्या. ती तिसरी आली, शिडी तिच्या मागे वीस सेकंदांनी चौथी, आणि शिडीला जवळजवळ चिकटून पाचवी. दोघींनी तिला गाठलं तर जागा गेली. आणि दुपारी दोघी तिला गाठणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिलाही.

ती धापा टाकत काट्यावर उभी राहिली. आधी बावन्न किलो चारशे होतं, आता बावन्न किलो शंभर. तेच तीनशे. तिने दोन ग्लास पाणी संपवलं, आतल्या खोलीत जाऊन कपडे बदलले, आणि शर्ट, पायजमा, मोजे, गळ्यातला टॉवेल असं सगळं लेकीच्या हातात दिलं. पिशवीत टाक म्हणाली. पण समोर एवढा मोठा काटा असताना पिशवीत कोण टाकतो? लेकीने गठ्ठा काट्यावर आपटला. चप्प असा आवाज झाला आणि काट्यावर लाल आकडे उमटले.

"आई, तुझा शर्ट नऊशे!"

ती हसली. मग हसता हसता थांबली. हे कपडे कोरडे असतात तेव्हा चारशेच्या वर जात नाहीत. कापड हातात घेतलं की वजन सांगणारी बाई ती. म्हणजे पाचशे ग्रॅम पाणी या कपड्यांत होतं, आणि ते अंगावर घालून ती काट्यावर चढत होती. अंगातून गेलेलं पाणी अंगातच आहे असं धरून मोजत होती. तीन रविवार. ओला टॉवेल कोरड्यात टाकला म्हणून जगाला धारेवर धरणारी काटेवाली!

तीनशे आणि पाचशे, आठशे. दीडपट म्हणजे बाराशे. पाच-साडेपाच ग्लास, आणि ती दोनावर थांबत होती. ती तशीच ओल्या केसांनी ड्रायव्हरकाकांकडे धावली. काकांनी ऐकून कपाळाला हात लावला, मग इतके हसले की त्यांना बाकावर बसावं लागलं. इतर पाच जणी नुसत्या लघवीच्या रंगावरून किती पाणी प्यायचं याचा अंदाज बांधत होत्या, काटा वापरणारी ती एकटीच, आणि फसलीही तीच.

साडेतीन ग्लास अजून बाकी होते. तिने घागरीकडे हात नेला तोच सासूबाईंनी तिला खाली बसवलं. एकदम ढोसशील तर ओकशील, म्हणाल्या. त्यांनी पाण्यात साखर घातली, मीठ घातलं, बोट बुडवून चव घेतली, पुन्हा थोडं पाणी वाढवलं.

"डोळ्यातल्या पाण्याहून खारट लागता कामा नये. धर. एक घोट, मग गप्प बसायचं. मग दुसरा."

हे त्यांना कुणी शिकवलं, असं तिच्या ओठांवर आलं होतं, पण सासूबाई घोटांवर लक्ष ठेवून होत्या. तिसऱ्या ग्लासाला तिच्या तोंडाला चव आली. डबा उघडला तर आत मीठ लावलेले उकडलेले बटाटे, दहीभात आणि दोन अंडी. पुठ्ठ्यावरचं सगळं. म्हणजे सासूबाईंनी तो वाचला होता. ती अधाशासारखी जेवली, आणि लेक प्रत्येक घासाला "अजून" म्हणत होती, जशी ती रोज लेकीला म्हणायची. मग पाय उंचावर ठेवून, भरल्या पोटी, चादरींच्या ढिगाला टेकून ती चक्क तासभर झोपली.

दुपारी साडेबाराला पुन्हा शिट्टी. पहिली फेरी. दुसरी. तिसरीच्या वळणावर तिने दात आवळले, आता येणार गोळा, आता येणार. मागे शिडीची लांब पावलं वाजत होती, धप्, धप्. पोटरी एकदा थरथरली. आणि काही नाही! पाय आपले पडतच राहिले, जणू सकाळी पळालेली बाई दुसरीच कुणी होती. तिने वेग वाढवला आणि तो वाढला. चौथ्या फेरीत तिने पुढच्या दोघींपैकी एकीला गाठलं, आणि शेजारून जाताना तोंडातून आपसूक निघालं, "येते हं."

यादीत ती दुसरी लागली. शिडी चौथी. शिडीने येऊन तिच्या पाठीत जोरात थाप मारली आणि आज काय खाऊन आली होतीस ते सांग म्हणाली, तर ती म्हणाली, शर्ट वेगळा तोल, मग सांगते.

लेक आनंदाने काट्यावर चढून उड्या मारत होती, आकडे वेडेवाकडे पळत होते. या खेपेला काटेवालीने कपडे आधी बदलले, मग वजन केलं. सासूबाई न सांगता पुन्हा पाण्यात मीठ ढवळत होत्या. चमचा ग्लासाला लागला. टिंग. लेक उड्या मारायची थांबली. तिने आजीच्या हाताकडे पाहिलं, हातावरच्या भाजल्याच्या जुन्या डागांकडे पाहिलं आणि आईच्या कानाशी येऊन, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजली,

"आई, आजी भट्टीवरून घामाने भिजून घरी यायची ना, तेव्हा तिला असं पाणी कोण करून द्यायचं?"