कॉलेजचं पाणमांजर

मी पाणमांजर बोलतोय. दचकू नका, मी कापडी आहे. सोल या राजधानीच्या शहरातल्या एका कारखान्यात मला शिवलं आणि डोंगराआडच्या या कॉलेजात धाडलं. गावागावांत मुलंच कमी जन्मू लागली, इथले बाक रिकामे पडू लागले, तेव्हा कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून मी निघालो. मी शाळाशाळांत नाचायचं, पत्रकं वाटायची आणि मुलांनी हसत हसत प्रवेश घ्यायचा, असा बेत होता.

आधी मला अंगावर चढवायला विद्यार्थी मिळायचे. पुढे तेही मिळेनात, मग पाळी प्राध्यापकांवर आली. ज्या विभागाला मुलं मिळणार नाहीत तो वसंतात बंद, असं अध्यक्षांनी बजावलं होतं. शिकवणं राहिलं बाजूला. हिवाळाभर सगळे शाळांचे उंबरे झिजवू लागले.

माझ्या वाट्याला लाकूडकामाचे प्यो सर आले. साठीला टेकलेले. आत घामाने निथळायचे आणि पुटपुटायचे, "हे बघायला आई नाही, तेच बरं." शाळेतले शिक्षक तर दारातच तोंड वाकडं करायचे. "अहो, सकाळपासून अस्वल येऊन गेलं, कोंबडा येऊन गेला. आता तुम्ही!"

दुसऱ्या कॉलेजच्या त्या अस्वलाचा मला भारी राग यायचा.

एका शाळेत मुख्याध्यापक समोर आले. सर सवयीने कमरेतून वाकले आणि माझं डोकं गडगडत थेट जिन्यापर्यंत गेलं. पोरं खो-खो हसली. सोल-बी नावाच्या मुलीने ते उचलून आणलं.

"सर, तुमच्याकडे खुर्ची खरंच स्वतः करायला शिकवतात?"

"दुसऱ्या वर्षी तर कपाटसुद्धा."

"मग मी येते. पण मधेच विभाग बंद पडला तर?"

'मुळीच पडणार नाही' हे उत्तर कॉलेजने सगळ्यांकडून घोटून घेतलं होतं. आणि एकच प्रवेश कमी पडत होता. ती आली असती तर विभाग वाचला असता.

"पडेल, पोरी," सर म्हणाले. "आज नाही तर पुढच्या वर्षी. लाकूडच शिकायचं असेल तर दक्षिणेच्या मोठ्या कॉलेजात जा. तिथला मास्तर माझ्याहून बरा आहे."

परतताना बसमध्ये मी त्यांच्या मांडीवर होतो. मला त्यांचा राग आला होता आणि अभिमानही वाटत होता.

वसंतात विभाग बंद झाला. करवती, रंधे विकले गेले. जाण्याआधी सरांनी मला कोमट पाण्यात धुतलं, उन्हात वाळवलं आणि बालवाडी-शिक्षण विभागाच्या तरुण मा मॅडमच्या हाती सोपवलं.

"आत फार उकडतं, पाणी पिऊन जात जा. आणि एखाद्या पोराने मनापासून काही विचारलं, तर डोकं काढून उत्तर द्या."

"खरं सांगून प्रवेश मिळतात होय, सर?"

"नाही मिळत," सर म्हणाले.

उद्या आम्ही समुद्राकाठच्या शाळेत निघालोय. मॅडमच्या घरी दोन लहान लेकरं आहेत, नोकरी त्यांना हवीच आहे. पोरांनी माझं नाचणं बघून हसावं, पत्रक घ्यावं, नाहीतर घेऊ नये. पण तिथल्या एका तरी पोराने त्यांना सोल-बीचाच प्रश्न विचारावा, असं मला फार वाटतं.