नागेशच्या नावाआधी 'वीक'

“माझ्या भावाच्या नावाआधी वीक कोणी लिहिलं?” शिवप्रकाशनं सांत्वनाला आलेल्या सगळ्यांना लॅपटॉपवरचा कोड दाखवून विचारलं.

मी तोच 'वीक' बोलतोय, ॲपच्या कोडमधला एक इंग्रजी शब्द.

मला लिहिलं खुद्द नागेशनंच, पाथरीच्या घरात बसून. त्याची आई शिवम्मा गोळी विसरायची, म्हणून त्यानं तिच्या फोनसाठी ॲप केलं. ॲपचा पडदा, म्हणजे स्क्रीन, उघडला की त्याचाच आवाज यायचा, “आई, गोळी घेतली का?” कोडमध्ये पडद्याला त्यानं स्वतःचं नाव दिलं होतं.

बोलून झालं की आवाजानं पडद्याला कळवायचं, म्हणून आवाजाजवळ पडद्याचं नाव लिहिलेलं. त्या नावाआधी मी. माझं काम एवढंच की ओळख ठेवायची, धरून ठेवायचं नाही. पडद्यानं आवाजाला धरलेलं असतंच. आवाजानंही त्याला घट्ट धरलं, तर पडदा मिटला तरी दोघं फोनच्या मेमरीत अडकून पडतात.

पुढं नागेशच्या किडन्या गेल्या. दवाखान्यात डॉक्टरांचं रोज एकच, “पेशंट वीक आहे.” धाकट्या शिवप्रकाशला इंग्रजीतला तेवढा शब्द पाठ झाला.

नागेश गेला. ते ॲप फुकटच्या खात्यावरचं, म्हणून दर आठवड्याला लॅपटॉपवरून फोनात पुन्हा टाकावं लागे. ते काम शिवप्रकाशकडं आलं, आणि त्याला मी दिसलो.

“मेल्यावरबी वीकच का?” म्हणाला आणि मला पुसून टाकलं.

ॲप चाललं. शिवम्मा आता गोळीसाठी नाही, आवाजासाठी पडदा उघडायची. दिवसभर उघडायची, मिटायची. मिटलेला एकही पडदा मेमरीतून सुटत नव्हता. फोन भरला, आणि नागेश “आई, गो...” इथंच तुटायला लागला.

“ह्यो दरवेळी अर्ध्यातच का जायलाय रे?” तिनं विचारलं.

शिवप्रकाशनं साक्षीला बोलावलं. ती नागेशबरोबर कोडिंग शिकलेली.

“शिवा, इथला वीक कुठंय?”

“मी काढला. माझा भाऊ वीक नव्हता.”

“त्याला नाही म्हणलेलं रे. सैल धर, एवढंच आवाजाला सांगितलंय. त्यानंच लिहिलंय.”

“सैल धरलं तर जाईल की तो.”

“जायलाच पाहिजे, शिवा.”

त्यानं लॅपटॉप आपटून मिटला. बराच वेळ भिंतीकडं तोंड करून बसला. मग उघडला आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, मला परत लिहिलं.

सैल धरणाऱ्याला कमजोर म्हणू नका. माझ्या कामाला फार बळ लागतं.

शिवम्मानं पडदा उघडला. नागेश पूर्ण बोलला. “घेतली रे बाबा,” ती म्हणाली आणि पडदा मिटला.

मी नागेशला जाऊ दिलं.