गिझरची वही

बाथरूमच्या भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवर आज पुन्हा आकडा नव्हता. नुसती काळी काच. संजीवनीबाईंनी नळाखाली हात धरला. पाण्याला कोमटही म्हणवेना. मोबाईलवर ॲप उघडलं, तर तिथं लिहिलेलं, ‘संपर्क नाही’.

त्यांनी वही उघडली आणि उभ्याउभ्याच लिहिलं : मंगळवार, नऊ डिसेंबर. सकाळी पाच वाजून दहा मिनिटं. घरात लाईट आहे. वायफायचा दिवा हिरवा. थर्मोस्टॅट बंद.

पस्तीस वर्षं त्या वेल्हे तालुक्याच्या शाळांतून शिकवत होत्या. बी कसं उगवतं हे दाखवताना मुलांना सांगायच्या, एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि काय झालं ते लगेच लिहा; नंतर आठवतं तसं लिहिलं की आपल्याला हवं तेच आठवतं. गिझरचं दुखणंही त्यांनी त्याच शिस्तीनं धरलं होतं. पहिल्या आठवड्यात राऊटर खिडकीतून हलवून बाथरूमच्या दाराशी आणला. पुढच्या आठवड्यात थर्मोस्टॅट नव्यानं जोडून घेतला. फरक पडला नाही.

गरम पाणी हा त्यांचा शौक नव्हता. मार्गासनीत, त्यांच्या गावी, डिसेंबर लागला की त्यांचे दोन्ही गुडघे लाकडासारखे होत. सकाळी अर्धा तास कडक पाण्यानं शेकले तरच सात वाजता ओटीवर शिकायला येणाऱ्या नऊ मुलांसमोर त्यांना बसता-उठता येई. शेक चुकला की दिवस खाटेवर जाई. या तीन आठवड्यांत मुलं पाचदा दारातून परत गेली होती.

हे सगळं यंत्र बसवलं होतं प्रशिकनं, त्यांच्या मुलानं. तो पुण्यात नोकरीला. “आई, तुला बटणसुद्धा दाबावं लागणार नाही,” म्हणाला होता. पाचला गिझर आपोआप सुरू, साडेपाचला पंचावन्न अंशांवर पाणी तयार. बाहेरचे दिवे, पंप, गिझर, सगळं एका ॲपवर. एक त्याच्या मोबाईलवर, एक आईच्या. त्यानंतर वर्षभर तो एकच पालुपद धरून होता, की आता पुण्याला चल. बाई हसण्यावारी नेत. पण गिझर बिघडल्यावर त्याचा आवाज बदलला. “बघ, तिथं साधं पाणी तापत नाही. उद्या पडलीस तर नसरापूरच्या दवाखान्यापर्यंत कोण नेणार तुला?” शेवटी बाई दमून म्हणाल्या होत्या, “येत्या रविवारपर्यंत हे सुधारलं नाही, तर येते मी. मुलांना सांगते तसं.”

रविवारला पाच दिवस राहिले होते.

नऊच्या सुमाराला हनुमंत आला. गावातला वायरमन, बाईंच्याच हाताखाली चौथी शिकलेला. त्यानं टेस्टर लावला आणि मान हलवली.

“बाई, सप्लाय बराबर हाय. थर्मोस्टॅट बी चालू झालाय बगा. एकोणपन्नास दावतोय.”

“पहाटे बंद होता.”

“म्या आलो की चालू, म्या गेलो की बंद. मला बघून लाजतंय का काय?”

“जुन्या मास्तरणीला छळतंय ते, हनुमंता. तू चहा घे.”

चहा घेताना हनुमंतानं वही मागितली. शाळेत कधी वही पुरी न करणारा गडी. पण वाचत गेला तसा त्याचा चहा निवला.

“ह्ये रतनबाईचं काय लिवलंय?”

बाईंचा चेहरा उतरला. शेजारच्या रतनबाईला त्यांनीच वायफायचा पासवर्ड दिला होता. आख्खी आळी त्यावर चालायची. गिझर बिघडल्यावर प्रशिक फोनवर म्हणाला, त्या लोकांमुळेच होतंय, लाईन दमते, पासवर्ड बदल. बाईंनी बदलला. दुसऱ्या दिवशी रतनबाई दारात येऊन म्हणाली, “बाई, आमी काय तुमचं गरम पानी पिऊन टाकत व्हतो व्हय?” तेव्हापासून ती बोलत नव्हती.

“आणि पासवर्ड बदलल्यावर बी बंद पडलाच की,” हनुमंत म्हणाला.

“चार वेळा.”

“बरं, गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाती, तवा?”

“तेव्हा लाईट आली की आपला आपण लागतो. तेच मला कळत नाही.”

हनुमंतानं वहीतल्या वेळांवरून बोट फिरवलं. बाई दर वेळी थर्मोस्टॅट विझताना पाहत नसत. पण तीनदा त्या तिथंच उभ्या होत्या. पाच वाजून दोन. पाच वाजून तीन. पाच वाजून दोन. आणि परत लागला तो दर वेळी सातच्या आत-बाहेर.

“बाई,” तो हळू आवाजात म्हणाला, “वायर खराब आसती तर कवाबी तुटली आसती. वायर घड्याळ बगत न्हाई.”

बाईंनी कप खाली ठेवला.

“ह्या ॲपात कुणी काय चालू-बंद केलं त्याची नोंद राहती. नसरापूरच्या एका बंगल्यावर म्या बघितलीय. काढू का?”

“काढ.”

त्यानं दोन-तीन ठिकाणी बोट दाबलं आणि थांबला. मोबाईल बाईंकडे न देता तसाच धरून राहिला.

“दे इकडे.”

“बाई, आसू द्या. म्या दुसरं साधं बटण बसवून देतो.”

“हनुमंता, मला वाचता येतं.”

अक्षरं बारीक होती. बाईंनी चष्मा सारखा केला. गिझर बंद, ५:०२, प्रशिकचा मोबाईल. गिझर चालू, ६:५५, प्रशिकचा मोबाईल. खाली त्याच्या आदल्या वेळची नोंद, मग त्याच्या आदल्या वेळची. गिझरची लाईट तोडली की थर्मोस्टॅटही मरणारच. संपर्क कुठून राहणार? यंत्र पहिल्या दिवसापासून खरं सांगत होतं.

बाईंनी वही पुढं ओढली आणि तारखा ताडून पाहिल्या. सगळ्या जुळल्या. त्यांना रडू आलं नाही. भलतंच आठवलं. शाळेच्या दिवसांत प्रशिकला सकाळी उठवायला तीन हाका आणि तोंडावर पाणी लागायचं. तो आता पहाटे पाचला गजर लावून उठत होता. आईचं पाणी तोडायला.

“कुणाला बोलू नकोस,” त्या म्हणाल्या.

“न्हाई बोलत.” हनुमंतानं पक्कड पिशवीत टाकली. पैशाचं विचारलं तर नुसता हात हलवून निघून गेला.

रविवारी प्रशिक आला. गाडीच्या मागच्या सीटवर कपडे भरायला दोन रिकाम्या बॅगा होत्या. बाईंनी पाणी दिलं, समोर बसवलं आणि वही त्याच्या हातात ठेवली.

“वाच.”

“आई, हे काय आता?”

“मोठ्यानं वाच. मध्ये थांबायचं नाही.”

तो हसला आणि वाचू लागला. वार, तारीख, वेळ. ‘गुडघा वाकत नाही, मुलांना परत पाठवलं.’ पुढचं पान. ‘रतनबाई रागावली.’ त्याच्यापुढं शाईनं दुसरी ओळ होती, मंगळवारी लिहिलेली : ‘रतनबाईचा दोष नव्हता.’ त्याच्या पुढच्या ओळीवर तो थांबला. तिथं फक्त त्याचं नाव आणि वेळ होती.

त्यानं वही मिटली.

“तू ऐकतच नव्हतीस,” तो शेवटी म्हणाला. “मला झोप लागत नाही तिकडे. तू एकटी. तुझ्या भल्यासाठीच…”

“माझे गुडघे दुखतात हे तुला माहीत होतं?”

“हो.”

“पाणी आलं का गरम, असं तू फोनवर विचारायचास. तेव्हाही माहीत होतं?”

त्यानं मिटलेली वही बाईंपुढं सरकवली.

“तू भांडला असतास, तर मी भांडले असते. रुसून बसला असतास, तर कदाचित आलेही असते रे. मी म्हातारी होतेय, मला कळत नाही का? पण तू मलाच माझ्या घरात खोटं पाडलंस. शेजारणीला चोर ठरवायला लावलंस. आता मी पुण्याला आले आणि तिथं एखादी गोष्ट बिघडली, तर मी काय समजायचं?”

“आई, चुकलं माझं.”

“चुकलं म्हणजे गणित चुकतं. हे तू दर वेळी ठरवून केलंस.”

त्यांनी आपला मोबाईल त्याच्यासमोर धरला. “या यंत्रातून तुझं नाव काढून टाक. कसं काढतात ते मला दाखव, म्हणजे पुन्हा घातलंस तर कळेल.”

“अगं, पण अडीअडचणीला…”

“हनुमंत आहे. रतनबाई आहे, तिच्या पाया पडून आले मी काल. नवा पासवर्डही दिला.”

त्यानं एकेक पायरी दाखवली. बाईंनी प्रत्येक पायरी त्याच्याकडून दोनदा करून घेतली आणि वहीत उतरवली, मुलांना समजेल इतक्या सोप्या भाषेत. शेवटचं बटण त्यांनी स्वतः दाबलं.

प्रशिक उठला. जेवायचा विषय कुणीच काढला नाही. दारात चपला घालताना तो म्हणाला, “पुढच्या रविवारी येऊ ना?”

आजवर या घरी येताना त्यानं कधी विचारलं नव्हतं.

“ये,” बाई म्हणाल्या. “पण आदल्या दिवशी कळवून ये.”