उलट पाय, मग नाक खाली

मी एक जुने, दोन आसनांचे शिकाऊ विमान आहे. दिल्लीबाहेर, मानेसरपलीकडे एका धावपट्टीलगत पत्र्याच्या शेडमध्ये उभे असते. मित्रांनो, माझ्या चाकांतली हवा गेली आहे, मान गेलेला नाही. तेव्हा सरळ बसून ऐका.

वेग फार कमी झाला की विमानाचा एक पंख खचतो आणि ते गरगरत खाली येते. याला स्पिन म्हणतात. घाबरलेला हात नाक वर करायला सुकाणूचा दांडा मागे ओढतो आणि गिरकी सुटत नाही; सोडवायची तर आधी गिरकीच्या उलट बाजूचे पेडल पायाने दाबायचे, मग दांडा पुढे लोटून नाक खाली करायचे. आमच्या प्रशिक्षिका भानुमतीबाई प्रत्येक विद्यार्थ्याला उंच नेऊन मुद्दाम गिरकीत टाकीत आणि स्वतःचे हात मांडीवर ठेवीत. त्याने तीनदा मला सावरल्याशिवाय त्याच्या उड्डाणाच्या वहीत सही नाही, हा त्यांचा नियम.

आर. के. पुरमच्या हेमांगीला पहिल्याच गिरकीत ओकारी झाली. दुसऱ्या दिवशी तिचे वडील भालचंद्र, केंद्र सरकारातले मोठे अधिकारी, मिठाई घेऊन आले.

"मॅडम, परीक्षेत स्पिन नसतेच. सही तेवढी करून टाका ना."

"साहेब, सहीने तुमचे ऑफिस चालते. वर ती एकटी असेल. मिठाई मेकॅनिक लोकांना द्या, आणि मुलीला उद्या हलके खाऊन पाठवा."

हेमांगी रडली, पण तिने मला तीनदा सावरले.

महिन्याभराने ती एकटीच मला घेऊन उडाली. उंचावर वळताना वेग गेला, माझा डावा पंख खचला, खालची शेते गरगरू लागली. तिने दांडा मागे ओढला! मला ओरडता येईना. तेवढ्यात तीच ओरडली, "उलट पाय! मग नाक खाली!" उजवा पाय दाबला गेला, दांडा पुढे गेला, गिरकी थांबली.

खाली बाई वाट पाहत होत्या. चेहरा पाहूनच त्यांनी विचारले, "किती फेऱ्या?"

"दोन, मॅडम."

"आधी दांडा ओढलास ना?"

"हो."

"सगळेच ओढतात. चल, चहा घे."

बाई निवृत्त झाल्या. आता नवे प्रशिक्षक गिरकीचा धडा फळ्यावर पाच मिनिटांत उरकतात आणि वहीत 'झाले' लिहितात. आज सकाळी अनिश नावाचा विद्यार्थी नव्या विमानातून प्रथमच एकटा उडाला. त्याच्याही वहीत 'झाले' आहे.

मित्रांनो, मला रंग दिला नाहीत तरी चालेल. मात्र न केलेल्या धड्यावर सही मागू नका; कोणी देऊ लागला, तर घेऊ नका.

अनिश अजून परतलेला नाही. गप्प बसा जरा. मला त्याच्या इंजिनाचा आवाज ऐकायचा आहे.